मिलानच्या प्रदर्शनात आमची बैठक

मुक्ता आणि शार्दूल,

निघण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या बाबाने कॅलगरीहून फोन करून विचारलं होतं, "आई, फर्निचर बघायला कुणी इटलीला जातं का? शहागंजात दुकानं कमी पडली?" त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मी बॅगेचं वजन करत होते. आता परत आले आहे. कपडे धुऊन कपाटात गेले, औषधांची पिशवी जागेवर गेली, तेव्हा सगळं क्रमाने लिहिते. मराठीतच लिहिते. अडेल तिथे बाबाला विचारा, त्यालाही थोडा सराव होईल.

आधी जाण्याचं कारण. तुमची मीनलआत्या मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या शेडमध्ये फर्निचर बनवते, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या सुट्टीत शार्दूल तिथल्या भुशात लोळला होता. सलीमभाई आणि आणखी दोघे सुतार तिच्याबरोबर काम करतात. लोकांची कपाटं, दिवाण, देव्हारे करून शेड चालते, पण आत्याचा जीव अडकलाय तो एकाच वस्तूत, तिच्या बैठकीत. वीतभर उंचीची सागवानी चौकट, वर कापसाची घट्ट गादी, दोन लोड आणि एका बाजूला हात टेकायला रुंद फळी. अशा चौकटी एकमेकींना जोडल्या की भिंतीच्या कडेने हवी तेवढी लांब बैठक होते. गाण्याला, साखरपुड्याला, ईदच्या पाहुण्यांना आपल्याकडे जी खाली बसायची पद्धत होती, तीच तिने रोजच्या घरासाठी केली. गावात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि सगळ्यांनी सोफाच घेतला.

मिलानला जगभरचं फर्निचर मांडतात. तिथे नव्या लोकांसाठी एक दालन असतं आणि त्यात आत्याची बैठक निवडली गेली. निघण्याआधी तिने माझ्यासमोर सलीमभाईंना सांगितलं, "या वेळी कुणी बनवून विकणारा भेटला तर ठीक. नाहीतर शेड बंद करते. पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय, मॉड्युलर किचनच्या कामाला."

सलीमभाई रंधा मारत होते. हात न थांबवता म्हणाले, "जाव की. पुने में भी फर्निचर बनता. पन वो लकडी नहीं रहती ताई, दबाये सो भूसे का पाव रहता."

सगळे हसले, पण दुपारचा चहा झाल्यावरही कुणी पटकन कामाला उठलं नाही.

मी सोबत का गेले? कारण आत्याला मदतीला माणूस हवं होतं, आणि मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. तिकडे इंग्रजी फारसं कुणी बोलत नाही, हे पोचल्यावर कळलं.

बसण्याचे वेगळे पैसे

मिलानमध्ये आम्ही एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. खाली कॉफीचं दुकान. पहिल्या सकाळी मी आत जाऊन टेबलाशी बसले, आणि आत्या "आई, ऊठ ऊठ" करत धावत आली. तिथे कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायची, दोन घोटांत. टेबलाशी बसलं की तीच कॉफी महाग. आपल्याकडे टपरीवरचा माणूससुद्धा आधी बाकडं पुसून देतो आणि मग चहाचं विचारतो. जिथे बसायला वेगळे पैसे पडतात, तिथे आम्ही बसायची वस्तू घेऊन आलो होतो. मी हे आत्याला म्हटलं, तर ती हसली नाही. तिने एका घोटात कॉफी संपवली आणि पेटीची पावती पिशवीत आहे ना, ते पुन्हा बघितलं.

लपलेलं स्वयंपाकघर

प्रदर्शन म्हणजे एकामागे एक अशी अवाढव्य दालनं. आपलं अख्खं रेल्वे स्टेशन एका दालनात मावावं. बैठक विमानाने आधीच गेली होती. ती पेटीतून काढून मांडल्यावर आत्या म्हणाली, "तू फिरून ये. इथं बसलीस तर मला सूचना करशील." म्हणून मी फिरले, आणि जगाची घरं आता कशी होणार आहेत ते बघून आले.

पहिली गोष्ट, कोपरे संपले. सोफे गोल, टेबलं गोल, कपाटांच्या कडासुद्धा गोल. दुसरी गोष्ट, सगळं सायीच्या रंगाचं. सोफ्यांवर गाठीगाठींचं लोकरी कापड असतं, मेंढीच्या पाठीवर बसल्यासारखं वाटतं. भिंती मातीच्या. खरोखरच्या मातीच्या, हातांनी लिंपलेल्या, मध्ये गव्हाचं काड दिसतंय, आणि ते काड दिसावं म्हणून वर खास दिवा सोडलेला. माझ्या माहेरी, पाचोडला, मागच्या भिंतीत असंच काड दिसायचं. ते दिसू नये म्हणून माझे वडील दर दिवाळीला चुना मारत. एका दालनात अखंड दगडातून कोरलेलं वॉशबेसिन होतं आणि लोक त्याचे फोटो काढत होते. वेरूळ तासाभरावर असलेल्या माणसाने एका दगडातून कोरल्याचं किती कौतुक करायचं? तरी मी दोन फोटो काढले. बिनवायरचे दिवे तर जिकडेतिकडे होते. चार्ज करायचे आणि हातात धरून हव्या त्या खोलीत न्यायचे. ज्या देशात वीज जात नाही, तिथे कंदील परत आलाय.

पण यंदाची सगळ्यात मोठी फॅशन म्हणजे स्वयंपाकघर लपवणं. दारं सरकली की शेगडी नाही, भांडी नाहीत, नुसती लाकडी भिंत. सूट घातलेला एक तरुण मला बटणं दाबून दाखवत होता. एक दाबलं की नळ वर येतो, दुसरं दाबलं की खाली जातो.

मी विचारलं, "कांदा परतला की वास कुठे जातो?"

त्याने आणखी एक बटण दाबलं. ओट्यातून झडप वर आली. "इथून खाली जातो, मॅडम. घरात राहतच नाही."

"मग आज काय केलंय हे शेजारणीला कळणार कसं?"

"ते कळू नये म्हणूनच लोक आमच्याकडे येतात," तो म्हणाला, अगदी आदबीने.

हळद आणि कुंकू

दोन दिवस आमच्या बैठकीपाशी लोक थांबत, मान तिरपी करून बघत, फोटो काढत आणि पुढे जात. कुणी बसत नव्हतं. कारण मला लगेच कळलं. गादीवर सायीच्या रंगाची खादी होती आणि लोकांच्या पायांत बूट होते. बूट काढून बसायचं हे त्यांना सुचणार नाही, आणि बूट घालून वर बसण्याइतके ते असभ्य नाहीत. कापड घेतानाच मी आत्याला म्हटलं होतं, आपल्या गावचं रंगीत, वेलबुट्टीचं हिमरू घाल. ती म्हणाली होती, "आई, आता सगळं फिकं चालतं." ते खरंच होतं, मी डोळ्यांनी बघून आले होते.

तिसऱ्या दिवशी मी सरळ चपला काढल्या आणि बैठकीवर मांडी घालून बसले. शेजारच्या स्टॉलवर रुई नावाचा पोर्तुगालचा मुलगा होता, तिशीचा असेल. बुचाच्या, म्हणजे कॉर्कच्या, खुर्च्या करतो. मला बघून त्यानेही बूट काढले आणि येऊन बसला. आता आपल्याकडे कुणी घरी येऊन बसलं की पुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या पिशवीत चिवड्याचा डबा होता. तो मी उघडला.

रुईला चिवडा फार आवडला. त्याने तीनदा घेतला. मग पुढे झुकून उठताना त्याने हात गादीवर टेकला, आणि खादीवर पाच बोटं उमटली. पिवळी.

आत्या चहूकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली, "आई! इथं कुणी खातं का? हे प्रदर्शन आहे, हळदीकुंकू नाही!"

बिचारा रुई धावत गेला आणि स्वच्छतागृहातून ओला रुमाल साबण लावून घेऊन आला. मी "नो, नो, नॉट सोप!" म्हणेपर्यंत त्याने घासलंसुद्धा. हळदीला साबण लागला की काय होतं? पाची बोटं लाल झाली. म्हणजे हळद माझी आणि कुंकू रुईचं. आत्या हसली का? पाच मिनिटांनी हसली. आधी डोळे पुसले.

उन्हात ठेवलं असतं तर हळद उडाली असती, पण त्या दालनात ऊन कुठून आणणार? मी माझी हिमरू शाल काढली आणि गादीवर पसरली. आपल्या गावात नवा सोफा घरी आला की त्यावर चादर पडते, आणि ह्याच गोष्टीवरून आत्या आयुष्यभर गिऱ्हाइकांशी भांडत आली आहे. "मी एवढं चांगलं कापड लावते आणि तुम्ही त्यावर पलंगपोस घालता!" आज तिने स्वतःच शालीच्या कडा नीट खोचल्या.

लोरेदाना

त्याच दुपारी लोरेदाना आली. माझ्याच वयाची, बुटकी, पांढरे केस, गळ्यात चष्मा. मिलानच्या उत्तरेला तिचा घराण्याचा सोफ्यांचा कारखाना आहे. तिचं इंग्रजी मोडकं, पण प्रश्न सरळ. तिने आधी सागवानावरून हात फिरवला. चौकटीचा सांधा वाकून बघितला. मग शाल उचलली.

मला वाटलं, संपलं. ती तर मोठमोठ्याने हसायला लागली. म्हणाली, तिच्या आईने घरात एक चांगली बैठकीची खोली ठेवली होती, पाहुण्यांसाठी. तिथल्या सोफ्यावर बारा महिने चादर. पाद्री आला की चादर निघायची, तो गेला की परत पडायची. "आम्ही मुलं त्या सोफ्यावर एकदाही बसलो नाही. आईसुद्धा नाही. आणि आमचा तर सोफ्यांचा धंदा!"

मग तिने बूट काढले आणि बसली. पाच मिनिटं बसली. गादीवर हात दाबला, लोड मागे घेतला, मान हलवली. तिला ती आवडली होती. आत्याच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं, इतकी आशा त्यावर होती.

मग लोरेदाना उठायला गेली आणि उठता येईना. तिने एक हात टेकला, मग दोन्ही टेकले. शेवटी मी एका बाजूने आणि रुईने दुसऱ्या बाजूने धरून तिला उभं केलं. तिचे कान लाल झाले होते. कपडे झटकून ती आत्याला म्हणाली, "काम फार सुंदर आहे. पण मी घेऊ शकत नाही. माझी गिऱ्हाइकं माझ्या वयाची आहेत. उठायला दोन माणसं लागतील अशी वस्तू मी त्यांना कशी विकू? उंच करशील का?"

आत्या म्हणाली, "उंच केली तर ती बैठक राहणार नाही."

लोरेदानाने तिचं कार्ड लोडावर ठेवलं आणि ती गेली.

पिठलं-भात

संध्याकाळी मी पिठलं-भात केला. तिकडे एप्रिलमध्ये आठ वाजेपर्यंत उजेड असतो. समोरच्या गच्चीत एक बाई कपडे काढत होती. आत्या ताटात बोटं फिरवत बसली होती.

"सोफे तर इथं हजारो आहेत," ती म्हणाली. "त्यात माझा एक कशाला? माणसाला आपोआप पाय वर घ्यावेसे वाटले तर ती बैठक. खाली सोडावेसे वाटले तर सोफा. एवढंच आहे माझं, आई. उंची वाढवली की तेच जाणार."

"मग मी कशी उठते?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"आज दिवसभरात मी त्या बैठकीवरून चार-पाच वेळा उठले. कशी उठले, बघितलंस?"

तिची ताटातली बोटं थांबली.

"फळीला धरून. आधी गुडघ्यावर येते, मग फळी धरते, मग उठते. फळी नसती तर मलाही रुईनंच काढलं असतं. घरीसुद्धा पूजेला मी आता पाट घेत नाही, स्टूल घेते. तुला वाटतं तुझ्या आईला खाली बसायची सवय आहे. सवय आहे ग, गुडघे नाहीत."

तिने ताट बाजूला सारलं. मग हात धुऊन आली आणि टेबलावर कागद पसरला. पिठलं गार झालं. थोड्या वेळाने तिने सलीमभाईंना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे तेव्हा रात्र बरीच झालेली, ते जेवून घरच्या अंगणात बसले होते.

"चार बोटं वाढवायचीत, सलीमभाई."

"नक्को ताई! चार उंगल बोले तो खाली पाये नहीं बढ़ते, पूरा जोड़ बदलता. कल को पाया हिला तो नाम किसका जाता? आपका नहीं जाता, मेरा जाता."

"आईला उठता येत नाही."

मग त्यांचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला. "आई? खरंच का?"

"खरंच," मी म्हटलं.

"मग आधी का नाय बोलल्या? आमच्यासमोर तर लई ऐटीत बसता!" ते हसले. "हौ ताई, करतो. पायाला खालून तिरपा आधार देऊ. पण आधी ठोकळे लावून बघा. नुस्तं कागदावर नक्को."

ठोकळे

दुसऱ्या दिवशी आत्या कागद घेऊन प्रदर्शनातल्याच लोरेदानाच्या स्टॉलवर गेली. तिने कागद घेतलाच नाही. म्हणाली, "कागदावर मी कशी बसू? प्रदर्शन संपलं की बैठक कारखान्यात आण."

बैठक परत पेटीत जायचीच होती, ती त्याऐवजी लोरेदानाच्या व्हॅनमध्ये गेली. आम्ही आगगाडीने गेलो. शहर मागे पडलं तसे उत्तरेला बर्फाचे डोंगर दिसायला लागले. इकडे दौलताबादचा किल्ला जसा रस्त्यात बराच वेळ सोबत राहतो, तसे ते राहिले. कारखाना म्हणजे एका गल्लीतली लांबट इमारत. आत तोच वास. लाकूड, सरस, भुसा. मी डोळे मिटले असते तर मुकुंदवाडीच. फक्त गाडीच्या भोंग्याऐवजी चर्चची घंटा.

लोरेदानाचा भाचा मात्तेओ कारखाना बघतो आणि त्याला इंग्रजी चांगलं येतं. आत्याने ठोकळे मागितले. आधी दोन बोटं जाडीचे लावले. लोरेदाना बसली. उठताना तिने फळी धरली आणि दात घट्ट आवळले. उठली, पण चेहऱ्यावरून कळलं. मग चार बोटांचे लावले. ती बसली, फळीवर एक हात ठेवला, आणि स्वतःची स्वतः उभी राहिली. तिने मात्तेओला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "मावशी म्हणते, ही विकता येईल."

पण आत्या ऐकत नव्हती. ती दाराजवळ जाऊन लांबून बैठकीकडे बघत होती. मला तिची काळजी कळत होती. वस्तू विकली जाईल, पण ती कोणती वस्तू असेल? मला म्हणाली, "तू बसून बघ." मी बसले आणि मांडी घातली. ती म्हणाली, "तुझं काय, तू तर रेल्वेच्या बाकावरसुद्धा मांडी घालतेस." हे खरं आहे. मात्तेओ बसला. त्याने पाय खाली सोडले. लांब पायांचा माणूस, गुडघे छातीशी आले तरी त्याने पाय खालीच ठेवले. आत्याने खालचा ओठ चावला.

"बसायची जागा मागे आणखी खोल करायला हवी," ती स्वतःशीच म्हणाली. मग मात्तेओला विचारून तिने भिंतीकडेची एक गादी उचलून आणली, पाठीमागचा लोड काढला, मागे एक मोकळी फळी आणि तिच्यावर ती गादी सरकवली, लोड पार मागे लावला आणि बसायची जागा हातभर खोल केली. माझी शाल मधल्या फटीवर पसरली. हे सगळं चाललं असताना लोरेदाना कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या कारखान्यात कुणी असं तिला न विचारता सामान हलवत नसावं.

"आता?" तिने विचारलं.

"आता," आत्या म्हणाली. बसायचं कसं, ते तिने सांगितलं नाही. मीही बोलले नाही. मुलांनो, तुमच्या आजीला गप्प बसणं किती जड जातं ते तुम्ही जाणता.

लोरेदाना बसली. पाय खाली होते. तिने मात्तेओला काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं. ती मागे सरकली, पाठ टेकेपर्यंत. जागा खोल होती, म्हणून पाय अधांतरी आले. तिने एकदा खाली बघितलं. मग बोलता बोलताच तिने टाचेने एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही पाय वर घेऊन एका बाजूला दुमडले. आपल्याकडच्या बायका भाजी निवडायला बसतात ना, तशी. तिचं बोलणं चालूच होतं. आपण काय केलं ते तिला कळलंही नव्हतं.

आत्याने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

लोरेदाना मात्तेओकडे वळून काहीतरी म्हणाली. तो हसला आणि आतल्या दाराकडे निघाला.

"काय म्हणाली?" आत्याने विचारलं.

"म्हणते, कराराची कागदपत्रं आणि कॉफी दोन्ही इकडेच आण," मात्तेओ म्हणाला. "ती उठणार नाहीये."